बिनमातीची बाग आणि नववीचा वर्ग

नववीच्या मुलांना प्रकाशसंश्लेषणाचं समीकरण तोंडपाठ असतं. कार्बन डायऑक्साइड अधिक पाणी, बाणावर सूर्यप्रकाश आणि हरितद्रव्य, पलीकडे ग्लुकोज आणि ऑक्सिजन. फळ्यावर लिहायला सांगा, कोणी अडखळत नाही. आणि त्याच तासाला विचारा, की रस्त्यावरच्या त्या वडाचं एवढं थोरलं खोड कशाचं बनलंय, तर उत्तरं येतात: माती, पाणी, खत. हवा म्हणणारं मूल विरळा. गिरणगावातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी बरीच वर्षं विज्ञान शिकवते आणि ही तफावत मला दर वर्षी बोचते. समीकरण वहीत राहतं, डोक्यात मात्र 'झाड माती खातं' हेच पक्कं बसलेलं असतं.

म्हणून ठरवलं, माती काढूनच टाकायची. वर्गात, खिडकीशी, नुसत्या पाण्यावर भाजी वाढवायची आणि वर्षाचं विज्ञान जमेल तेवढं तिच्या आधाराने शिकवायचं.

मातीशी माझं वाकडं नाही. पण शिकवायला माती अवघड. कुंडीतलं रोप पिवळं पडलं तर कारण कुठे शोधायचं? पाणी जास्त झालं, नत्र कमी पडलं, मुळांना हवा नाही, की बुरशी लागली? सगळं एकात एक मिसळलेलं. पाण्यात मात्र जे आहे ते आपणच मोजून घातलेलं असतं. त्यातली एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं आणि बघायचं. चौदा वर्षांच्या मुलाला स्वतःच्या हाताने करता येईल असा खराखुरा प्रयोग यातून उभा राहतो. शिवाय आमच्याकडे बाग करायला जागाच नाही. खालचा चौक फरशीचा, गच्चीवर टाक्या. जुन्या इमारतीच्या खिडक्या तेवढ्या मोठ्या आहेत.

मुख्याध्यापिका बाईंची एकच अट होती: अभ्यासक्रम मागे पडता कामा नये. ती पाळणं जड गेलं नाही, कारण परासरण, बाष्पोच्छ्वास, आम्ल आणि आम्लारी, द्रव्याचे मोजमाप हे सगळं त्या टबातच होतं. सामान जमवायलाही वेळ लागला नाही. क्रॉफर्ड मार्केटातून माशांच्या टाकीला लावतात तो हवेचा पंप आणि नळ्या, प्रिन्सेस स्ट्रीटवरून रसायनं, सामू (म्हणजे पीएच; पाण्याची आम्लता घटली की हा आकडा चढतो) मोजायच्या पट्ट्या आणि पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर, आणि झाकणाचे पंधरा लिटरचे टब. झाकणाला भोकं पाडून त्यात जाळीचे पेले बसवले, पेल्यांत कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, भरलं. संपली तयारी.

टब लावायच्या आधी आम्ही काही आठवडे फक्त पुदिना वाढवला. त्यामागे एक जुनी गोष्ट आहे, आणि ती मी मुलांना आधीच सांगितली. बेल्जियमच्या व्हॅन हेल्मॉन्टने मोठ्या कुंडीत सुमारे ९० किलो कोरडी माती भरून त्यात विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. सव्वादोन किलोचं रोप सत्तर किलोंच्या वर गेलं. माती घटली ती जेमतेम ५७ ग्रॅम. त्याने निष्कर्ष काढला की झाड पाण्यापासूनच बनतं. हे त्याचं लिखाण १६४८ साली, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालं. पुढे १६९९ मध्ये जॉन वुडवर्ड या इंग्रज अभ्यासकाने पुदिना वेगवेगळ्या पाण्यात वाढवून पाहिला: पावसाचं पाणी, नदीचं पाणी, बागेतली माती ढवळलेलं पाणी. नुसतं पाणी पुरत असेल तर सगळीकडे पुदिना सारखाच वाढायला हवा होता. तसं झालं नाही. माती मिसळलेल्या पाण्यात तो सगळ्यांत जोमाने वाढला.

आम्ही तेच केलं. भाजीवालीकडून घेतलेल्या जुडीतल्या सारख्या जाडीच्या काड्या निवडल्या, वजन केलं आणि तीन तऱ्हेच्या पाण्यात ठेवल्या. एका बाटलीत बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर, दुसरीत रात्रभर उघडं ठेवून क्लोरीन उडू दिलेलं नळाचं पाणी, तिसरीत चाळीतल्या तुळशीच्या कुंडीतली माती ढवळून फडक्यातून गाळलेलं पाणी. नियम एकच केला होता आणि तो वर्षभर पाळला: आधी अंदाज कारणासकट वहीत लिहायचा, मगच बाटलीकडे जायचं. खोडायचं नाही.

जवळजवळ सगळ्या वर्गाने लिहिलं होतं की डिस्टिल्ड वॉटर जिंकेल, 'कारण ते सर्वांत शुद्ध'. पहिल्या आठवड्यात तिन्हीकडे पांढरी मुळं फुटली आणि मुलं हिरमुसली, फरकच नाही म्हणून. काडीत साठवलेल्या अन्नावर मुळं फुटतात, तेव्हा वाट बघा, एवढंच मी म्हटलं. पुढे फरक दिसायला लागला. डिस्टिल्ड पाण्यातली नवी पानं बारीक राहिली, खालची फिकटली. तुळशीच्या मातीचा पुदिना बाटलीच्या वर वीतभर गेला. नळाच्या पाण्याचा मधोमध, पण डिस्टिल्डच्या जवळ. तेव्हा टीडीएस मीटर बाहेर काढला. नळाच्या पाण्याचा आकडा शंभराच्याही आत आला. मुंबईचं पाणी भातसा, तानसा, वैतरणेच्या धरणांतून येतं, म्हणजे बहुतांश साठवलेलं पावसाचं पाणी, त्यात विरघळलेले क्षार थोडेच. भूगोलाच्या बाईंनी त्याच आठवड्यात सात तलावांचा नकाशा वर्गात लावून दिला, हे मला फार आवडलं.

मग प्रश्न असा उभा राहिला की तुळशीच्या मातीतून पाण्यात नेमकं आलं काय. हाच प्रश्न एकोणिसाव्या शतकात ज्यूलियस फॉन झाक्स आणि व्हिल्हेल्म क्नॉप या जर्मन शास्त्रज्ञांनी सोडवत नेला. माती अजिबात न वापरता, निवडक क्षार पाण्यात विरघळवून त्यांनी रोपं वाढवली. १९३८ मध्ये कॅलिफोर्नियात हॉगलंड आणि आर्नन यांनी दिलेली द्रावणाची कृती तर आजही प्रयोगशाळांत वापरतात. आपल्याकडे १९४६ च्या सुमारास शोल्टो डग्लस यांनी कालिम्पाँगच्या बाजूला वाळू-खडीवर अशी भाजी पिकवण्याचे प्रयोग सुरू केले होते. आम्ही हॉगलंडच्या कृतीचं अर्ध्या तीव्रतेचं द्रावण करायचं ठरवलं. कॅल्शिअम नायट्रेट, पोटॅशिअम नायट्रेट, मॅग्नेशिअम सल्फेट, पोटॅशिअमचं फॉस्फेट, थोडं लोह आणि चिमूटभराहून कमी असलेली सूक्ष्म मूलद्रव्यं.

हे क्षार एकत्र का कालवायचे नाहीत, हे मी तोंडी सांगितलं नाही. दोन परीक्षानळ्या घेतल्या. एकीत कॅल्शिअम नायट्रेटचं घट्ट द्रावण, दुसरीत मॅग्नेशिअम सल्फेटचं, दोन्ही पाण्यासारखी नितळ. एका मुलीने एकीतलं दुसरीत ओतलं. क्षणभर काही नाही. मग नळीच्या मधल्या भागात धूसर ढग आला, तो पांढरा होत गेला आणि खाली बसायला लागला. कॅल्शिअम सल्फेट, म्हणजे जिप्सम. पुढच्या बाकावरच्या मुलाने लगेच विचारलं, "बाई, मग हे झाडाला पिता येणार नाही ना?" बरोबर होतं. जे विरघळलेलं नाही ते मुळांना मिळत नाही. म्हणून 'अ' आणि 'ब' अशी दोन वेगळी द्रावणं करायची आणि भरपूर पाण्यात एकेक करून घालायची. दहावीत येणारी दुहेरी विस्थापन अभिक्रिया या मुलांनी नववीतच अशी पाहून ठेवली. रसायनं तोलण्याचं काम मी स्वतः केलं, मुलांनी हातमोजे आणि चष्मे घालून विरघळवली.

पेरणीला पालक, लाल माठ आणि मेथी घेतली. लेट्यूस मुद्दाम घेतलं नाही. ज्या भाजीचं निरोगी पान कसं दिसतं हे मुलांना घरचं माहीत आहे, तीच भाजी हवी होती. मेथीवरून एका मुलीने समुद्रमेथीचा विषय काढला. तिची आजी भाजी विकते. किनाऱ्याजवळच्या रेताड जमिनीत वाढलेली ती बोटभर उंचीची मेथी, पांढऱ्या मुळांसकट बांधलेल्या इवल्या जुड्या मुंबईकराला नव्या नाहीत. "रेतीत काय असतं बाई? तरी येतेच ना?" ती म्हणाली. रेती रोपाला फक्त धरून ठेवते, बाकीचं पाण्यातून यावं लागतं. माझ्या मनात जे सांगायचं होतं ते तिने आजीच्या टोपलीतून उचलून वर्गापुढे ठेवलं.

पहिली अडचण उजेडाची आली. आमची खिडकी पूर्वेची, पण समोर गिरणीच्या जागेवर उभा राहिलेला टॉवर आहे. सकाळी त्याची सावली आमच्यावर, मग दोनेक तास ऊन, पुन्हा ढग. रोपं लांबट, फिकट, खिडकीकडे झुकलेली. मुलांनी मोबाइलवरच्या उजेड मोजायच्या अ‍ॅपने बाकाबाकावर मोजणी केली. फोनचा आकडा अचूक नसतो, पण तुलना करायला पुरतो. खिडकीच्या कठड्यावर जो आकडा येई, तो दोन बाकं आत आलं की कितीतरी पटींनी खाली जाई. आपल्या डोळ्याला दोन्हीकडे 'छान उजेड' वाटतो, हा धडा मुलांना फार लागला. टब कठड्याला भिडवले, वर दोन पांढरे एलईडी पट्टे लावले आणि प्रकाशानुवर्तनाचा तास त्या झुकलेल्या रोपांवरच घेतला. टब फिरवून ठेवला की दुसऱ्या दिवशी शेंडे परत वळलेले.

पावसाळ्यात मुंबईत कुठेही पाणी साठवायचं म्हणजे डास. एडिस डासाला स्वच्छ, संथ पाणीच लागतं आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. तेव्हा हा विषय मी प्रयोगाचाच भाग केला. झाकणं घट्ट, पेल्याभोवतीच्या फटीत कापूस, आणि दर आठवड्याला एका गटाने टॉर्च मारून अळ्या बघायच्या, तारीख-सही करायची. पालिकेचे कीटकनियंत्रणाचे कर्मचारी इमारत तपासायला आले तेव्हा मुलांनी ती वही त्यांना दाखवली. त्यातल्या एकांनी मुलांना अळी आणि कोष यांतला फरक बाटलीतल्या नमुन्यावर समजावून दिला. मला स्वतःला इतकं नीट सांगता आलं नसतं.

शेवाळ्याने मात्र आम्हाला पुढची दिशा दिली. एक टब आम्ही मुद्दाम पारदर्शक ठेवला होता, बाकीच्यांना काळा कागद गुंडाळला होता. पारदर्शक टब हिरवा झाला, ते अपेक्षितच होतं. पण सामू मोजणाऱ्या गटाने तक्रार आणली की याचा सामू दुपारी साडेबाराला एक आणि साडेपाचला दुसराच, संध्याकाळी वाढलेला. काळ्या टबांत असा चढउतार नाही. आधी पट्ट्यांवर संशय घेतला, पुन्हा मोजलं, तसंच. मग चर्चा झाली. पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड पाणी किंचित आम्लधर्मी करतो, हे सोड्याच्या बाटलीमुळे मुलांना ठाऊक होतं. मग दिवसा तो कमी कोण करतंय? शेवाळं. उजेड असेपर्यंत ते कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, म्हणून सामू चढतो. वनस्पती अदृश्य वायू उचलते आहे, याचा आकड्यांतला पुरावा या मुलांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला.

ऑक्टोबरचा उकाडा आला तसा एका टबातला पालक दुपारी मान टाकायला लागला. पाणी तर काठोकाठ! मुळं बाहेर काढली तर तपकिरी, बुळबुळीत, वास येणारी. तापमान तिशीच्या वर. मुळांनाही श्वसनाला ऑक्सिजन लागतो, आणि पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो: २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. वर उष्णतेत मूळकुजीची बुरशी फोफावते. मुलांनी पाण्याची पातळी दोन बोटं उतरवली, म्हणजे वरची मुळं दमट हवेत राहतील, पंप दिवसभर चालू ठेवला, टबाला थर्माकोलचं आवरण केलं. उरलेली रोपं सावरली. 'मुळं पाणी शोषतात' हे एक वाक्य पाठ करणाऱ्या मुलांना मुळं गुदमरू शकतात हे कळलं, ते त्या वासामुळे.

सगळ्यांत जास्त वेळ आम्हाला दिला तो पिवळ्या पानांनी. एका ओळीत आम्ही एकेक मूलद्रव्य वगळलेल्या बाटल्या लावल्या होत्या: एकीत नत्र नाही, एकीत मॅग्नेशिअम नाही, एकीत लोह नाही. नत्र नसलेल्या रोपाची खालची, जुनी पानं आधी पिवळी झाली. मॅग्नेशिअम नसलेल्याचीही जुनीच, पण शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा. लोह नसलेल्याची मात्र शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि जुनी हिरवीगार. मी विचारलं, असं का? दोन तास गेले. शेवटी मागच्या बाकावरचा, एरवी हात वर न करणारा मुलगा म्हणाला, "नत्र जुन्या पानातून काढून नव्याला देता येत असेल. लोह नसेल देता येत." हेच उत्तर आहे. नत्र, मॅग्नेशिअम, पोटॅशिअम वनस्पतीच्या आत एका पानातून दुसऱ्या पानात जाऊ शकतात. लोह आणि कॅल्शिअम एकदा जिथे बसले तिथून सहसा हलत नाहीत. पुस्तकात मी हे वाचलं होतं, पण नुसत्या पानांकडे बघून तिथवर पोचणाऱ्या मुलाचं मला फार कौतुक वाटलं आणि ते मी सगळ्यांसमोर बोलून दाखवलं.

गंमत पुढे झाली. लोह घातलेल्या एका टबातही शेंडे पिवळे पडले. अगदी लोह नसलेल्या बाटलीसारखे. यादी तपासली, लोह घातलेलं होतं. सामू बघितला, तर साडेसातच्या वर गेलेला. मुळं नायट्रेट उचलताना त्या बदल्यात पाणी आम्लारीधर्मी करत जातात, आणि सामू साडेसहाच्या वर गेला की आम्ही वापरलेलं ईडीटीएतलं लोह (ईडीटीए म्हणजे लोहाला धरून विरघळलेलं ठेवणारं संयुग) पाण्यात टिकत नाही. म्हणजे लोह टबात आहे, पण रोपाला मिळत नाही. परीक्षानळीतला तो पांढरा ढग मुलांना लगेच आठवला. विरळ फॉस्फोरिक आम्लाचे थेंब घालत सामू सहावर आणला. जी पानं पिवळी झाली होती ती तशीच राहिली, पण त्यानंतरची नवी पानं हिरवी आली. आम्ल-आम्लारीचा धडा मी त्या वर्षी वेगळा शिकवलाच नाही म्हटलं तरी चालेल.

इथवर मी खूश होते. मग घटक चाचणीत एक प्रश्न घातला: 'वर्गातल्या पालकाचं अन्न कोणतं?' बहुतेकांनी लिहिलं, 'टबातले क्षार.' काहींनी तर 'अ द्रावण आणि ब द्रावण' असं नावानिशी लिहिलं. मातीच्या जागी आता पोषक द्रावण आलं होतं, कल्पना तीच. ज्यांना अशी बाग वर्गात करायची असेल त्यांनी हे आधीच ध्यानात ठेवावं असं मला मनापासून वाटतं. रोज क्षार मोजणाऱ्या मुलाला क्षार हेच अन्न वाटणं अगदी स्वाभाविक आहे. आपण वापरतो ते शब्दही, 'झाडाला खाऊ घालणं', 'पोषण', त्याच बाजूला ढकलतात.

उत्तर सांगून टाकण्यापेक्षा हिशेब मांडायचा ठरवलं. डिसेंबरात एका टबातली आठही रोपं मुळांसकट काढली, धुतली, टिपली आणि तोलली. मग वर्तमानपत्रावर पसरून गॅलरीत वाळवली आणि शेवटी पत्र्याच्या डब्यात पिवळा बल्ब लावून त्यात ठेवली. रोज वजन. लागोपाठ दोन वजनं सारखी आली तेव्हा थांबलो. पाव किलोच्या थोड्या वर असलेल्या ओल्या पालकाचा कोरडा पाला २२ ग्रॅम. बाकी सगळं पाणी, हे ऐकूनच घरी भाजी निवडणाऱ्या मुली चकित झाल्या.

आता दुसरी बाजू. त्या टबात सुरुवातीला आम्ही सगळे मिळून १७ ग्रॅमच्या आसपास क्षार घातले होते. नंतर फक्त साधं पाणी भरून पातळी राखली होती. शेवटी पातळी पुन्हा खुणेपर्यंत आणून टीडीएस मोजला, तो सुरुवातीच्या निम्म्याहून थोडा जास्त. म्हणजे पाण्यातून गेलेले क्षार फार तर आठ ग्रॅम. मीटरचा अंदाज ढोबळ आहे हे मुलांनीच वहीत लिहिलं. पण ढोबळ धरूनही, आठ ग्रॅम गेले आणि बावीस ग्रॅम आले. फळ्यावर मी एवढंच लिहिलं: २२ वजा ८. आणि खडू खाली ठेवला.

"पाणी असेल." "पण वाळवलंय ना!" "वाळूनही आत राहिलं असेल." मग मी कोरड्या पानांचा चुरा परीक्षानळीत घालून बर्नरवर धरला. नळीच्या वरच्या भागात खरोखरच पाण्याचे थेंब जमले, आणि 'पाणी' म्हणणारा गट टाळ्या वाजवायला लागला. प्रकाशसंश्लेषणात पाणीही पदार्थात बांधलं जातं, तेव्हा तोही हक्काचा वाटा आहे. पण खाली उरलं ते काळंकुट्ट. कोळसा. मी विचारलं, हा कार्बन आपण टबात कधी घातला? बाटल्यांवरची सूत्रं काढली. एक मुलगा उठून म्हणाला, "बाई, कॅल्शिअममध्ये सी आहे की!" दुसऱ्याने त्याला संज्ञा पुन्हा वाचायला लावली. एका मुलीने मात्र ईडीटीएचं सूत्र शोधून आणलं होतं, त्यात कार्बन असतो. अगदी रास्त आक्षेप. मग आम्ही लोहाचं प्रमाण काढलं, तर ते लिटरमागे काही मिलिग्रॅम. एवढ्याने कोळशाचा तो ढीग होत नाही. काळा चुरा मुशीत घालून बराच वेळ तापवला, तो जळून गेला आणि तळाशी करडी राख राहिली, चमच्याच्या टोकावर मावेल इतकी. "हे आपले क्षार," मुलं म्हणाली. आणि जे जळून हवेत गेलं ते हवेतूनच आलं होतं, हे मला सांगावं लागलं नाही.

एक जण तिथेच थांबायला तयार नव्हता. हवेत कार्बन डायऑक्साइड ०.०४ टक्के, मग एवढ्याशा वायूतून एवढं कसं मिळेल, असा त्याचा सवाल. तेव्हा मोलचा हिशेब केला. वनस्पतीच्या कोरड्या वजनात कार्बन साधारण ४० टक्के, म्हणजे इथे जवळपास ९ ग्रॅम. एक घनमीटर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये कार्बन सुमारे ०.२ ग्रॅम. म्हणजे ४५ घनमीटर हवा. मुलांनी टेप घेऊन वर्ग मोजला: सात मीटर, सहा मीटर, उंची साडेतीन. १४७ घनमीटर. आठ रोपांनी आमच्या वर्गाच्या जवळजवळ एक-तृतीयांश हवेइतक्या कार्बनची भाजी केली होती. खिडक्या उघड्या, त्यामुळे हवा येत-जात राहते, हेही बोललो. वर्ग बराच वेळ गलका करत होता. शेजारच्या वर्गातल्या सरांनी येऊन काय झालं म्हणून विचारलं, तर त्यांनाही मुलांनी उभं करून हिशेब समजावला.

पुढच्या चाचणीत तोच प्रश्न वेगळ्या तऱ्हेने विचारला. 'क्षार लागतात, पण अन्न रोप स्वतः बनवतं' असं लिहिणारे आता बहुसंख्य होते. सगळे नव्हते. काहींच्या मनात दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी नांदताहेत, आणि त्यांना अजून वेळ लागेल. एकीने लिहिलं होतं की क्षार हे 'हत्यारं' आहेत, त्यांच्याशिवाय कारखाना चालत नाही. मॅग्नेशिअम हरितद्रव्याच्या मधोमध असतं हे तिला ठाऊक होतं, म्हणून त्या उत्तराला मी पूर्ण गुण दिले.

मार्चमध्ये टब रिकामे केले, ब्लीचिंगच्या पाण्याने धुऊन माळ्यावर ठेवले. मे महिन्यात पाणी इतकं तापतं की काही लावण्यात अर्थ नाही. सगळ्या वह्या येत्या नववीसाठी कपाटात आहेत. या वेळी दोन गोष्टी बदलणार आहे. अन्नाचा प्रश्न चाचणीची वाट न बघता पुदिन्याच्याच वेळी विचारणार आणि पहिल्या टबापासूनच घातलेल्या प्रत्येक ग्रॅमची नोंद ठेवणार. आणि एक टब पंपाशिवाय, नुसती पातळी खाली ठेवून चालवणार, कारण ज्या शाळांत वर्गात वीज नीट नसते तिथल्या शिक्षकांनी मला तेच विचारलंय. समुद्रमेथीवाल्या मुलीने दहावीत गेल्यावरही प्रयोगाला येण्याची परवानगी मागितली आहे. तिला रेतीत मेथी लावून पाण्यात मीठ थोडं थोडं वाढवत न्यायचं आहे, कुठवर तग धरते ते बघायला. आजीचं म्हणणं, खाऱ्या वाऱ्यावरच तिची चव. रेती बांधकामाच्या दुकानातून आणायची आणि आधी चार-पाच पाण्यांनी धुऊन टीडीएस तपासायचा, इथपर्यंत आमचं ठरलं आहे.